टप्पा आणि हंगाम : सोयगावच्या घरखर्चातील वीज आणि गॅस

तुटपुंज्या मिळकतीवर चालणाऱ्या घरात वीजबिल आणि गॅसची टाकी हे दोन खर्च इतर खर्चांहून वेगळ्या जातीचे असतात. किराणा पावशेराने आणता येतो, भाजी एका वेळेपुरती घेता येते, कापडखरेदी पुढच्या सणावर ढकलता येते. परंतु वीज आधी वापरली जाते आणि तिचा हिशेब महिन्याने हाती पडतो, तर गॅसचे पैसे आधी एकरकमी मोजावे लागतात आणि त्याचा वापर पुढे महिना-दीड महिना चालतो. एकीची किंमत वापरताना कळत नाही आणि दुसऱ्याची किंमत तुकड्यांत देता येत नाही, म्हणून ‘जपून वापरा’ हा सरसकट सल्ला अशा घरांच्या फारसा उपयोगी पडत नाही. कोणत्या महिन्यात, कोणत्या वापरावर आणि दरपत्रकाच्या कोणत्या टप्प्यावर हात आखडता घेतला, यावर हाती उरणारी रक्कम ठरते.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेला सोयगाव तालुका या प्रश्नाचा अभ्यास करण्यास सोयीचा आहे. प्रशासकीयदृष्ट्या तो मराठवाड्यात मोडतो. मात्र भूगोल, बोली आणि बाजार या दृष्टींनी त्याचा ओढा पाचोरा, जामनेर आणि जळगाव या खानदेशी गावांकडे आहे. कापूस हे येथील मुख्य नगदी पीक असून जोडीला मका घेतला जातो. जूनमध्ये लावलेल्या कापसाची वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि पैसा प्रामुख्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात घरात येतो. १९८३ पासून जागतिक वारसा यादीत असलेली अजिंठा लेणी याच तालुक्यात असल्याने फर्दापूर परिसरातील अनेक घरे पर्यटकांवर जगतात. पण ती वर्दळही पावसाळा आणि हिवाळ्यात अधिक असते. मार्च ते जून हे चार महिने शेतमजूर, लहान शेतकरी आणि पर्यटनावर पोट असणारे छोटे व्यावसायिक या सर्वांनाच ओढाताणीचे जातात आणि पुढे दाखवल्याप्रमाणे वीजबिल नेमके याच महिन्यांत फुगते.

बिलाची रचना

तालुक्यातील घरांना महाराष्ट्र राज्य वीज वितरण कंपनी, म्हणजे महावितरण, वीज पुरवते. ही कंपनी राज्य वीज मंडळाच्या विभाजनातून २००५ मध्ये अस्तित्वात आली. तिला कोणता दर आकारता येईल हे महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की जितकी वीज लागते तिला एक युनिट म्हणतात. बिलात या युनिटांवर आधारलेल्या दोन रकमा असतात. त्यांपैकी वीज आकार ही विजेची किंमत होय, तर वहन आकार हा ती वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचा मोबदला होय. यांखेरीज वापर असो वा नसो लागू होणारा स्थिर आकार, वीजखरेदीच्या खर्चातील चढउतारानुसार बदलणारा इंधन समायोजन आकार आणि या सर्वांवर राज्य शासनाचे १६ टक्के वीज शुल्क, अशी बेरीज होऊन अंतिम रक्कम तयार होते.

घरगुती वीजदराची खरी गुंतागुंत टप्प्यांमध्ये, म्हणजे बोलीतल्या ‘स्लॅब’मध्ये, आहे. महिन्याला १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, ३०१ ते ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा, अशी ही मांडणी आहे. दर वेळोवेळी बदलतात; तथापि २०२४-२५ या वर्षाचे आकडे घेतल्यास त्यांतील प्रमाण स्पष्ट होते. त्या वर्षी वीज आणि वहन आकार मिळून पहिल्या १०० युनिटांना प्रत्येकी ५.८८ रुपये, तर पुढील टप्प्यातील प्रत्येक युनिटाला ११.४६ रुपये पडत होते. वापर १०० च्या वर गेला की सगळीच युनिटे महाग दराने मोजली जातात, हा समज अनेक घरांत आढळतो आणि तो चुकीचा आहे. महाग दर केवळ शंभरीच्या वरील युनिटांना लागतो. परंतु तो दर जवळजवळ दुप्पट असल्याने शंभरीच्या वर वाचवलेले एक युनिट शंभरीच्या आत वाचवलेल्या दोन युनिटांच्या तोलाचे ठरते.

एका साध्या घराचा हिशेब मांडला म्हणजे याचा अर्थ उलगडतो. ९ वॅटचे चार एलईडी दिवे रोज पाच तास, ७५ वॅटचे दोन पंखे रोज बारा तास, ६० वॅटचा टीव्ही पाच तास आणि दिवसाला सुमारे एक युनिट घेणारा जुना लहान फ्रिज एवढीच उपकरणे असलेल्या घराचा महिन्याचा वापर अनुक्रमे सुमारे ५, ५४, ९ आणि ३० युनिटे, म्हणजे एकूण ९८ युनिटे होतो. उन्हाळ्यात याच घरात २०० वॅटचा कूलर रात्री दहा तास चालला तर ६० युनिटे वाढून वापर १५८ वर जातो. हिवाळ्यात पंखे आणि कूलर दोन्ही बंद असल्याने तो ४४ पर्यंत उतरतो. २०२४-२५ चे दर, एक फेजच्या जोडणीचा १२८ रुपये स्थिर आकार आणि १६ टक्के शुल्क धरल्यास, इंधन समायोजन आकार वगळून, हिवाळ्यातील बिल सुमारे ४५०, पावसाळ्यातील सुमारे ८१५ आणि उन्हाळ्यातील सुमारे १६०० रुपये होते. उन्हाळ्यातील शंभरीवरच्या ५८ युनिटांची किंमत पहिल्या १०० युनिटांहून अधिक भरते. प्रत्येक ऋतूचे चार महिने धरले तर वर्षाच्या सुमारे साडेअकरा हजार रुपयांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम मार्च ते जून या चार महिन्यांतच द्यावी लागते.

बचत कोठे होते

या हिशेबावरून काटकसरीचा क्रम आपोआप ठरतो. दिवे आधीच एलईडी झालेल्या घरात दिवे विझवण्याच्या शिस्तीतून महिन्याला एखाद-दुसरे युनिट वाचते. ती सवय चांगली असली तरी तिच्याकडून बिलात मोठा फरक पडण्याची अपेक्षा करता येत नाही. याउलट पंखा हे गरिबाच्या घरातील सर्वांत जास्त तास चालणारे यंत्र आहे. बाजारात ‘बीएलडीसी’ नावाने मिळणारे, अर्थात घर्षण करणारे ब्रश नसलेल्या, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या मोटरीचे पंखे ७५ ऐवजी सुमारे ३० वॅटवर चालतात. वरील घरात दोन्ही पंखे बदलल्यास महिन्याला सुमारे ३२ युनिटे वाचतात. पावसाळ्यात त्यांचे मोल सुमारे २२० रुपये असते, तर उन्हाळ्यात तीच युनिटे महाग टप्प्यातून कमी होत असल्याने ४२५ रुपये. आठ महिन्यांची बचत अडीच हजारांच्या घरात जाते आणि पंख्यांची किंमत साधारण दोन वर्षांत भरून निघते. दोन्ही पंखे एकदम घेणे शक्य नसल्यास ज्या खोलीत रात्रभर पंखा चालतो तेथील आधी बदलावा. पंख्यांवर जानेवारी २०२३ पासून ऊर्जेची तारांकित खूण बंधनकारक असल्याने खरेदी करताना वॅटचा आकडा पाहणे सोपे झाले आहे.

कूलरच्या बाबतीत यंत्राइतकीच घराची बांधणी महत्त्वाची ठरते. तालुक्यातील पत्र्याच्या छपराची घरे दिवसभर तापतात आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतात, तर मातीच्या धाब्याची जुनी घरे तुलनेने थंड असतात. पत्र्याला बाहेरून चुन्याचा पांढरा हात देणे, त्यावर पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा, किंवा कडब्याचा थर टाकणे, तसेच कूलरच्या समोरची खिडकी उघडी ठेवून दमट हवेला बाहेर जाण्यास वाट देणे, हे उपाय स्वस्त आहेत आणि कूलरचे तास त्यांनी कमी होतात. मात्र पऱ्हाटी किंवा कडबा लवकर पेट घेत असल्याने चुलीच्या धुराड्याजवळचा किंवा वीजतारांखालचा भाग त्यातून वगळावा लागतो. कूलरचे तास निम्मे झाले तर त्या घराचे उन्हाळी बिल महिन्याला सुमारे ४०० रुपयांनी उतरते.

एकत्र राहणाऱ्या भावांच्या घरात एकाच मीटरवर दोन संसार चालत असतील तर दोघांचा वापर एकत्र मोजला जाऊन तो महाग टप्प्यात जातो. चूल आणि संसार खरोखर वेगळे असतील तर दुसरी जोडणी मागता येते. मात्र दुसऱ्या मीटरचा स्थिर आकारही दरमहा भरावा लागतो, हे ध्यानात ठेवून निर्णय घ्यावा लागतो. शेतपंपांसाठी राज्य शासनाने २०२४ मध्ये जाहीर केलेली मोफत विजेची योजना साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतपंपांपुरती आहे. घराच्या मीटरशी तिचा संबंध नाही आणि शेतीच्या जोडणीवरून घर चालवणे किंवा तारेवर आकडा टाकणे हे २००३ च्या वीज कायद्यानुसार कारवाईस पात्र ठरते. आकड्याने बिल वाचते खरे, पण जीव आणि दंड हे दोन्ही धोके त्यासोबत घरात येतात.

टाकी, चूल आणि न्हाणीचे पाणी

घरगुती गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेने ग्रामीण घरांत जोडणी पोहोचवली, तरी चूल विझली नाही. कापसाच्या वेचणीनंतर शेतात उभी राहणारी पऱ्हाटी आणि तुरीच्या तुराट्या हे सरपण या भागात विनामूल्य मिळते, त्यामुळे चहा-भाजी गॅसवर आणि भाकरी तसेच अंघोळीचे पाणी चुलीवर, अशी इंधनांची वाटणी घरोघरी दिसते. या वाटणीला मागासलेपण म्हणणे योग्य नाही, कारण तिच्यामागे पक्का हिशेब आहे.

अंघोळीच्या एका बादलीसाठी १५ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचे झाल्यास, भांडे व शेगडी यांतून वाया जाणारी उष्णता धरून, सुमारे ५५ ते ६० ग्रॅम गॅस जळतो. पाच माणसांच्या घरात महिन्याचा हा गॅस साडेआठ किलोच्या आसपास जातो, म्हणजे टाकीचा अर्ध्याहून अधिक भाग केवळ न्हाणीत खर्च होतो. तेच पाणी विजेच्या रॉडने तापवल्यास महिन्याला सुमारे ७० युनिटे लागतात. हिवाळ्यात पंखे बंद असल्याने त्यांतील बहुतेक युनिटे स्वस्त टप्प्यात बसतात आणि खर्च विनाअनुदानित गॅसच्या जवळपास येतो. पंखे चालू असलेल्या महिन्यांत मात्र हीच ७० युनिटे महाग टप्प्यात जाऊन खर्च ९०० रुपयांच्या वर चढतो. म्हणून बंब किंवा पाणी तापवण्याची चूल घराबाहेर, धूर अंगावर न येणाऱ्या जागी ठेवून ते काम पऱ्हाटीवर करणे, आणि गॅस स्वयंपाकासाठी राखणे ही वाटणी खिशाला आणि बाईमाणसाच्या फुप्फुसांना दोन्हींना परवडते. बंद स्वयंपाकघरात चूल पेटवून गॅस वाचवण्यात मात्र पैशाची बचत आरोग्याच्या खर्चात बुडते.

गॅसऐवजी विजेची इंडक्शन शेगडी वापरावी का, हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. टाकीतील गॅस पूर्ण जळल्यास सुमारे १८० युनिटांइतकी उष्णता मिळते. भारतीय मानकानुसार गॅस शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते, म्हणजे भांड्यापर्यंत सुमारे १२२ युनिटांइतकी उष्णता पोहोचते. ८५ टक्के कार्यक्षमतेच्या इंडक्शनला तेवढ्या कामासाठी सुमारे १४४ युनिटे लागतात. २०२४-२५ च्या दराने आणि शुल्कासह त्यांची किंमत पहिल्या टप्प्यात सुमारे ९८० आणि दुसऱ्या टप्प्यात सुमारे १९०० रुपये होते. एप्रिल २०२५ मधील ५० रुपयांच्या वाढीनंतरही टाकी साधारण साडेआठशे ते नऊशे रुपयांना मिळत होती आणि उज्ज्वलाच्या घराला ती आणखी ३०० रुपयांनी स्वस्त पडत होती. घराच्या छपरावर सौर वीज नसेल तर सोयगावातील सामान्य घराने स्वयंपाक विजेवर नेण्यात आर्थिक लाभ नाही. टाकी संपलेल्या दिवशी आधार म्हणून इंडक्शन उपयोगी पडते, इतकेच.

गॅस वाचवण्याचे स्वयंपाकघरातील उपाय परिचित असले तरी त्यांतील कोणते या भागातील जेवणाला लागू पडतात ते पाहावे लागते. कळण्याची किंवा ज्वारीची भाकरी तव्यावर बराच वेळ घेते, त्यामुळे ती गॅसवर करायची झाल्यास दोन्ही वेळच्या भाकरी एकाच बैठकीत करणे अधिक किफायतशीर ठरते, कारण तवा दुसऱ्यांदा तापवावा लागत नाही. तुरीची डाळ आणि मठ-मुगासारखी कडधान्ये आधी भिजवून कुकरमध्ये एकावर एक भांडी रचून शिजवणे, उकळी आल्यावर आच मंद करणे आणि झाकण ठेवणे, यांनी गॅस नक्की वाचतो. ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसू लागली की बर्नरची छिद्रे बुजली असे समजावे. ती साफ केल्याने गॅसही वाचतो आणि भांडीही काळी पडत नाहीत.

योजना आणि त्यांतील रोखीची अट

उज्ज्वलाच्या लाभार्थी महिलांना ऑक्टोबर २०२३ पासून प्रत्येक टाकीमागे ३०० रुपये अनुदान मिळू लागले. २०२५-२६ साठी ही सवलत वर्षाला ९ टाक्यांपर्यंत ठेवण्यात आली. राज्य शासनाने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत पात्र महिलांना वर्षाला ३ टाक्यांचे पूर्ण पैसे मिळण्याची तरतूद झाली. या दोन्ही योजनांत पैसे नंतर बँक खात्यात जमा होतात, टाकी घेताना मात्र पूर्ण किंमत मोजावी लागते. म्हणून ‘मोफत’ टाकीसाठीही हाती रोख असावी लागते आणि ती नसल्यामुळेच अनेक घरांत रिकामी टाकी कोपऱ्यात उभी राहते. खाते आधारशी जोडलेले आहे, ई-केवायसी पूर्ण आहे आणि जोडणी महिलेच्याच नावावर आहे, या तीन बाबी टंचाईचे महिने येण्यापूर्वी तपासून घ्याव्यात. एकरकमी पैसे जुळत नसलेल्या घरांसाठी ५ किलोच्या लहान टाकीची सोय आहे. तीत किलोमागे विशेष बचत होत नाही, पण एका वेळची रक्कम मजुराच्या आठवड्याच्या मिळकतीत बसते.

विजेच्या बाबतीत वर्षाला ३६० युनिटांपर्यंतच वापर असणाऱ्या दारिद्र्यरेषेखालील घरांसाठी स्वतंत्र, अतिशय कमी दराचा वर्ग आहे. छपरावरील सौर यंत्रणेसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३०,००० रुपये अनुदान ठरले आणि २०२५ मध्ये राज्याने कमी वापराच्या घरांसाठी त्यात आणखी भर घालणारी योजना आणली. एक किलोवॅटची यंत्रणा महिन्याला सुमारे १२० युनिटे देते, म्हणजे वर मांडलेल्या घराचा बहुतेक वापर तीत भागतो. मात्र पत्र्याचे किंवा धाब्याचे छप्पर तिचा भार पेलेल का, हे आधी तपासावे लागते. चार-पाच जनावरे असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन घनमीटरचे गोबर गॅस संयंत्र हा तितकाच विचार करण्याजोगा पर्याय आहे. रोज सुमारे ५० किलो शेण आणि तितकेच पाणी मिळत राहिले तर ते लहान कुटुंबाचा स्वयंपाक भागवते आणि शेताला खतही देते.

ग्राहकाचे हक्क

हातातील बिल बरोबर आहे की नाही हे पाहणे हीदेखील बचतच होय. मागील आणि चालू रीडिंग, बिलाचे दिवस आणि मीटरवरील प्रत्यक्ष आकडा या तीन गोष्टी ताडून पाहाव्यात. रीडिंग न घेता सरासरीने बिल आले आणि पुढील वेळी अनेक महिन्यांची युनिटे एकत्र मोजली गेली, तर तितक्या महिन्यांच्या प्रमाणात टप्प्यांचा लाभ मिळणे आवश्यक असते. तो न दिल्यास स्वस्त युनिटेही महाग दरात जातात. तक्रारीची सुरुवात १९१२ या क्रमांकावर किंवा जवळच्या कार्यालयात करता येते. त्यानंतर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि शेवटी विद्युत लोकपाल, अशी पायरी कायद्याने ठरवलेली आहे. वीज कायद्याच्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी जोडणी तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रक्कम एकदम भरणे शक्य नसेल तर जोडणी तुटण्याची वाट न पाहता हप्त्यांसाठी लेखी अर्ज करणे श्रेयस्कर असते. बिल निघाल्यापासून ७ दिवसांत भरल्यास १ टक्का सूट मिळते आणि मुदत चुकल्यास १.२५ टक्के विलंब आकार लागतो. कागदी बिलाऐवजी ई-मेलवर बिल घेतल्यास बिलामागे १० रुपये सवलत मिळते.

टाकी घेताना ती वजन करून मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. टाकीवर तिचे रिकामे वजन कोरलेले असते, त्यात १४.२ किलो मिळवून येणारी बेरीज काट्यावर दिसली पाहिजे. पावतीवरील रकमेहून जास्त पैसे देण्याचे बंधन नाही. गळतीची शंका आल्यास १९०६ हा क्रमांक उपलब्ध आहे आणि नळी दर पाच वर्षांनी बदलणे सुरक्षिततेसाठी आवश्यक मानले जाते.

वर्षाचे नियोजन

या सर्व बाबी एकत्र मांडल्यावर सोयगावसारख्या भागातील घराचे नियोजन महिन्याच्या हिशेबावर उभे राहू शकत नाही, हे स्पष्ट होते. ज्या घराची मिळकत हंगामी आहे त्याचा इंधनखर्चही वर्षाच्या हिशेबातच मांडावा लागतो. उन्हाळ्यातील चार बिले सुमारे ६,४०० रुपये आणि त्याच काळातील तीन टाक्या सुमारे २,६०० रुपये, म्हणजे साधारण ९,००० रुपये ही रक्कम कापसाचा पैसा आल्याबरोबर वेगळी काढली गेली पाहिजे. महावितरणकडे आगाऊ रक्कम भरण्याची सोय असून ती पुढील बिलांतून वळती होते. घरात ठेवलेला पैसा लग्नकार्यात आणि बियाण्यात विरघळतो, आगाऊ भरलेला विरघळत नाही. ज्यांच्याकडे एकरकमी पैसा येतच नाही अशा मजूर कुटुंबांतील महिलांना बचत गटातून टाकीपुरते अल्पमुदतीचे कर्ज घेऊन अनुदान खात्यात आल्यावर ते फेडता येते. योजना आणि रोख यांमधील अंतर भरून काढण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

अर्थात घराच्या पातळीवरील नियोजनाला मर्यादा आहेत. शंभराव्या आणि एकशे एकाव्या युनिटांत जवळजवळ दुपटीचा फरक ठेवणारी दररचना मुळात कमी वापराच्या गरीब घराला संरक्षण देण्यासाठी आहे. परंतु ती बारा महिन्यांना एकच शंभरी लावते, तर सोयगावच्या घराचा वापर हिवाळ्यात ४४ आणि उन्हाळ्यात १५८ असतो. त्याची वार्षिक सरासरी १०० च्या आसपासच राहते, तरी हिवाळ्यात न वापरलेली स्वस्त युनिटे वाया जातात आणि उन्हाळ्यात महाग युनिटे घ्यावी लागतात. टप्प्यांची मोजणी वर्षाच्या एकूण वापरावर झाली, तर अशा घरांचे उन्हाळी ओझे त्यांच्या वापरात काहीही बदल न करता हलके होईल. नियामक आयोग दरनिश्चितीपूर्वी नागरिकांच्या सूचना आणि हरकती मागवतो; हंगामी मिळकतीच्या तालुक्यांतील ग्रामपंचायती, बचत गट आणि ग्राहक संघटना यांनी ही मागणी आकड्यांसह तेथे मांडणे, हे घरोघरीच्या काटकसरीइतकेच मोलाचे काम आहे.